कमानीची चव

कमानीला पाणी मारायच्या कामाला मी लागले तेव्हा माझी साठी उलटून गेली होती. कामणच्या बाजूला, भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, खडीचं मोठं कोठार व्हायचं होतं. कोठार म्हणजे चार भिंती आणि छप्पर असं नव्हे. जमिनीवर लांबच लांब काँक्रीटचा बोगदा बांधायचा आणि त्याच्या पाठीवर खडीचा डोंगर रचायचा. बोगद्याच्या माथ्याला जागोजागी चौकोनी भोकं. भोकाचं झाकण सरकवलं की वरची खडी आपल्या वजनाने खाली फिरत्या रबरी पट्ट्यावर पडते आणि पट्टा ती बाहेर गाड्यांपर्यंत नेतो. वर डोंगर, खाली माणूस, मध्ये फक्त ती कमान.

मिस्त्रीने मला हे पहिल्या दिवशी समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे म्हशीच्या पोटाखालून जायचं."

तो म्हणाला, "म्हैस बसली नाही म्हणजे झालं, मावशी."

बोगदा सगळा एकदम होत नसतो. एकेक गाळा करत पुढे जायचं. लोखंडी पत्र्यांचा कमानीच्या आकाराचा साचा उभा करायचा, त्यावर सळ्यांची जाळी बांधायची, काँक्रीट ओतायचं, ते धरलं की साचा सैल करून रुळावरून पुढे ढकलायचा. मागे उघडी पडलेली कमान माझी. तिला ओली ठेवायची. सपाट स्लॅबवर पाण्याची तळी करून ठेवता येतात, कमानीवरून पाणी घसरून जातं. म्हणून मी तिच्या पाठीवर गोणपाटं पांघरायचे आणि पाइपने सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिजवत राहायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई म्हशी धुतेय.

आता किळसेचं सांगते, कारण त्या जागेची आठवण काढली की आधी तीच वर येते.

साचा काँक्रीटला चिकटू नये म्हणून पत्र्यांना वरून गाड्यांचं जळकं ऑइल लावतात. ते लावणारा माणूस चिंधी ऑइलात बुडवायचा, पत्रा पुसायचा, आणि त्याच हाताने तंबाखू मळायचा. त्याच्या ओठांना कायम काळी कड. काँक्रीट ओतताना वर उभे असलेले लोक खाली ओल्या काँक्रीटमध्येच पिंक टाकायचे. मी एकाला म्हटलं, "अरे, तुझ्या घराच्या भिंतीत थुंकशील का?" तो म्हणाला, "मावशी, लाल रंग मोफत." सगळे हसले. गुटख्याच्या पुड्याही त्यातच. आणि जो गाळा पुरा झाला, तो सावलीचा, आडोशाचा, म्हणून झाली तिथे मुतारी. दुपारी आत पाणी मारायला शिरावं तर डोळ्यांतून पाणी यायचं. मी भिंत भिजवायला लागले की तो वास आणखी उठायचा. माझी गोणपाटंसुद्धा त्यांनी सोडली नाहीत. दोन वेळा धुतली, तिसऱ्या वेळी जाळली.

साचा निघाला की कधी कधी कमानीच्या पायाशी खडी उघडी पडलेली दिसायची, मधाच्या पोळ्यासारखी भोकंभोकं. काँक्रीट नीट कोंबलं नाही की असं होतं. तर काय करायचे? सिमेंटचा घट्ट मसाला कालवून ते भोक थापून बुजवायचे आणि वरून थापीने गुळगुळीत करायचे, तपासणारा साहेब यायच्या आत. तपासणारा साहेब म्हणजे ज्यांचं कोठार होतं त्या मालकांनी नेमलेला, पंधरा दिवसांनी येणारा, पिकल्या केसांचा माणूस; त्याला सगळे मोठे साहेब म्हणायचे. साइटवर रोज असायचा तो ठेकेदाराचा साहेब, कानाला फोन लावलेला. मसाला थापताना तो पाठ करून उभा राहायचा. बघितलंच नाही म्हणायला मोकळा.

हे सगळं मी बघत होते आणि गप्प होते. त्याला कारण माझा भाऊ.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आम्ही खाडीकाठच्या मिठागरावरची माणसं. बापाने मीठ ओढलं, भावाने ओढलं, मीही ओढलं. मिठागरं बंद पडत गेली तसा तो कुठे कुठे रखवाली करत फिरला. त्याचे गुडघे गेले होते. या कोठाराच्या मालकांनी त्याला शब्द दिला होता की बोगदा सुरू झाला की आतल्या पट्ट्यावर तू. म्हणजे आठ तास बोगद्यात फिरायचं, सांडलेली खडी फावड्याने पट्ट्यावर टाकायची, अडकलेलं भोक मोकळं करायचं. घरापासून जवळ, आणि थकलं की मध्ये बसता येईल असं काम. तो दर रविवारी साइटवर येऊन बोगदा किती लांब झाला ते बघून जायचा, जसा कोणी आपल्या घराचं बांधकाम बघतो.

"बाय," मला म्हणायचा, "माजी खोली कवा होनार?"

आम्ही असंच बोलतो. माझ्याही तोंडात पानीच, कागदावर तेवढं पाणी लिहिते.

तर पाणी. उन्हाळा चढला तशी जवळची बोअर आटली आणि बाहेरून टँकर यायला लागले. काँक्रीट कालवायचं पाणी आणि माझं मारायचं पाणी एकाच टाकीत. प्यायला वेगळे जार यायचे, ते मी माझ्या शेडमधल्या माठात ओतून ठेवायची. टँकर मी एकदा आतून बघितला. झाकण उघडलं तर कडेला हिरवी बुळबुळीत साय, आणि वर एक फुगलेला बेडूक उताणा. त्या दिवसापासून ते पाणी मी ओठाला लागू दिलं नाही. पाइपचे शिंतोडे उडतात म्हणून तोंडाला पदर बांधायचे.

तिथेच माझी चूक झाली, पण ती मला नंतर कळली. मिठागरावरची बाई पाणी चाखल्याशिवाय वापरत नाही. आमच्या आईच्या जिभेवर पाण्याच्या चार जाती होत्या. गोडं, मचूळ, खारं, आणि आगराचं, म्हणजे मीठ धरायला आलेलं. गोडं ते पिण्याचं. मचूळ म्हणजे खारटही नाही आणि गोडही नाही, घोट घेतला की जीभ जाड वाटते, भात शिजवला की पिवळट होतो. नवी सून आली की आई तिच्यापुढे चार वाट्या ठेवायची आणि म्हणायची, सांग कुठलं कुठलं. मी लहानपणापासून ओळखत आले. आणि नेमकं तिथे, किळस आली म्हणून, मी तोंड बांधून घेतलं.

दुसरी चूक त्याहून मोठी.

एक दिवस ठेकेदाराचा साहेब फोनवर बोलता बोलता आला, माझ्या हातात प्लॅस्टिकची रिकामी बाटली दिली आणि म्हणाला, "मावशी, मोठ्या साहेबांकडे पाठवायचीय. पाणी भरून ठेव." आणि गेला.

आमच्याकडे गोडं पाणी लांबून डोक्यावर यायचं. म्हणून घरात रीत अशी की येणाऱ्याला हंड्यातलं वरचं, निवळ पाणी द्यायचं, घरच्यांनी तळचं प्यायचं. बाहेरच्या माणसाला खराब पाणी दिलं असं कोणी म्हणता कामा नये. मी ती बाटली तीनदा विसळली, पदराने पुसली, आणि माठातलं वरचं पाणी भरून दिलं. वर अभिमानाने म्हटलंही, "थंडगार आहे, सांगा त्यांना."

बाटली न्यायला आलेला ड्रायव्हर हसला. मला वाटलं, कौतुकाने हसला.

ती बाटली तपासणीला गेली होती. काँक्रीटमध्ये जातं ते पाणी चांगलं आहे की नाही बघायला. अर्थातच चांगलं निघालं. कागद आला आणि ऑफिसच्या पत्र्याला चिकटला.

पुढचे चार गाळे, सातवा, आठवा, नववा, दहावा, त्या टँकरच्या पाण्यात झाले.

मला आधी हातांनी सांगितलं. बोटांच्या भेगा चुरचुरायला लागल्या. मी म्हटलं, सिमेंट आहे, सिमेंटने होतंच. मग पायाच्या भेगा. मग बघते तर वाळलेली गोणपाटं पापडासारखी कडक, कडांना पांढरी रेघ. ती रेघ मी आयुष्यभर बघितलेली. मिठागरावर बापाच्या लंगोटीला असायची.

एका सकाळी, लोक यायच्या आधी, मी आठव्या गाळ्यात गेले. कमानीच्या आतल्या अंगाला पांढरे ओघळ आलेले. आधीच्या गाळ्यांनाही असे ओघळ होते, ते मी तेव्हाच जिभेला लावून बघितले होते. तो चुना होता. चुना जिभेला टोचतो, मग जीभ कोरडी पडते. हा ओघळ मी बोटाने पुसला. बोट तोंडात घालायला मन होईना. त्या भिंतीवर काय काय उडालं होतं ते मला माहीत होतं. ऑइल, पिंक, आणि ते दुसरं. मी जरा उंचावरचा, कोणाचं काही पोचणार नाही असा ओघळ शोधला, डोळे मिटले आणि बोट चाखलं.

मीठ. लपलेलं नाही, अंदाजाने नाही. मीठ.

टाकीपाशी गेले. बेडूक आठवला. तरी ओंजळभर घेतलं. मचुळाच्या पुढचं, खाऱ्याच्या अलीकडचं. म्हणजे टँकर खाजणाकडच्या तळ्यावर भरत होते, जिथे भरतीचं पाणी आतून झिरपतं.

आता मिठाने काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. आमच्या गावात स्लॅबची पक्की घरं झाली तेव्हा कितीतरी जणांनी विहिरीचं मचूळ पाणी वापरून बांधली. दहा-बारा वर्षांत आतली सळई गंजून फुगली आणि छताच्या खपल्या पडायला लागल्या. आमच्या शेजारणीच्या पलंगावर पडली, ती नुकतीच चहा ठेवायला उठली होती म्हणून वाचली. त्या स्लॅबवर फक्त वाळवणाचे पापड होते. इथे डोंगर असणार होता, आणि खाली माझा भाऊ.

रविवारी तो आला. मी त्याला बाटलीचंही सांगितलं आणि ओघळाचंही.

तो आधी चिडला. "बाय, तुला कोनी सांगितलं चाखायला? लहानपनापासून खोड तुजी. मातीपन चाखायचीस."

"माती गोडी होती."

"आता बोललीस तर तुजं काम जाईल. आनि मालक मला घेतील? म्हनतील, याचीच बहीन ती काम बंद पाडनारी. माजे गुडघे काय म्हनतात, तुला म्हायती हाय?"

खरं होतं त्याचं. बाटली मी भरली होती. मी गप्प राहिले असते तर ते आम्हा दोघांशिवाय कोणालाच कधी कळलं नसतं.

तो तावातावाने बोगद्यात गेला. मी मागून गेले. आठव्या गाळ्यात थांबला, नाक मुरडलं, "काय घान हाय गं इथे" म्हणाला. मग हात उंच करून ओघळ बोटाने काढला आणि जिभेवर ठेवला. मिठागरावर चाळीस वर्षं काढलेली जीभ. मग वर, कमानीच्या माथ्याकडे बघितलं. माथ्याला भोक होतं, त्यातून आभाळाचा चौकोन दिसत होता.

थुंकला आणि म्हणाला, "सांग."

सोमवारी ठेकेदाराच्या साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, ते सिमेंटमधलं असतं. सगळीकडे येतं." मी म्हटलं, सगळीकडचं चाखलंय मी, हे निराळं आहे. तो मिस्त्रीकडे बघून म्हणाला, "मावशीने लॅब उघडली." मिस्त्री खाली मान घालून हसला. मग साहेबाने पत्र्याला चिकटलेला कागद दाखवला. "पाणी पास आहे."

"ती बाटली माझ्या माठाची होती."

त्याचा चेहरा बदलला. फोन खिशात ठेवला, तेव्हा मला कळलं की आता खरं बोलतोय. "हे कोणाला बोलू नका. तुमचंच नाव येईल." आणि जाता जाता म्हणाला, "उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

म्हणजे पाणी खारं आहे हे त्याला आधीच माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या वेळी त्याची मला जी किळस आली ती टँकरमधल्या बेडकाचीही आली नव्हती. बेडूक बिचारा पडून मेला होता.

तपासणारा साहेब गुरुवारी यायचा होता. काम गेलं होतं, तरी मी गेले. भाऊही आला, काठी टेकत. मोठे साहेब गाडीतून उतरले तसे आम्ही दोघं समोर. मी बाटलीपासून सांगायला सुरुवात केली. ते मध्येच म्हणाले, "पण माठातलं पाणी का भरलंत?"

"तुमच्याकडे पाठवायचंय म्हणाले. तुम्हाला टँकरचं कसं देणार?"

मागे कोणी तरी फिस्सकन हसलं. मोठे साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही मला पाहुण्यासारखं पाणी पाठवलंत," म्हणाले.

"हो."

ते आत आले. आठव्या गाळ्यात रुमाल नाकाला लावून उभे राहिले. मी म्हटलं, बघा चाखून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, खालच्या ओल्या डागाकडे बघितलं. नाही चाखलं. त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. त्यांनी ड्रिल मागवलं, चारही गाळ्यांना भोकं पाडून पांढरी पूड पुड्यांत भरली, टाकीचं पाणी स्वतःच्या हाताने बाटलीत घेतलं, आणि वरून सही करून चिकटपट्टी लावली. काम बंद ठेवायला सांगून गेले.

ते दिवस वाईट गेले. माणसं शेडमध्ये पत्ते कुटत बसायची आणि मी रस्त्याने दिसले की मिस्त्री तोंड फिरवायचा. एकाने म्हटलं, "म्हातारीच्या जिभेला हाड नाही." भाऊ रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा. मी चहा ठेवायची. एकदा एवढंच म्हणाला, "मीठ नसलं निघालं तर आपन दोघं कामातून गेलो. निघालं तरी गेलो."

निघालं. मीठच निघालं.

चारही गाळे फोडले. मी बघायला गेले होते. ब्रेकर लावून कमान फोडताना आतून काय काय बाहेर आलं म्हणून सांगू. गुटख्याच्या पुड्या दबून चपट्या झालेल्या. एक रबरी चप्पल, एकच. गोणपाटाचा तुकडा. आणि थापलेल्या मसाल्याच्या मागे रिकामी जागा, हात जाईल एवढी. सळ्यांवर तांबूस ठिपके धरलेले, अंगावर पुरळ उठावा तसे. मिस्त्री माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. ती चप्पल त्याने काठीने बाजूला सारली.

म्हणाला, "मावशी, माझीच आहे."

"मिळाली ना आता. घाल," मी म्हटलं.

तो ओशाळून हसला. त्या दिवशी आम्ही दोघांनी परत एकत्र चहा घेतला.

ते गाळे पुन्हा झाले. ठेकेदाराने साहेब बदलला. मोठ्या साहेबांनी मला परत बोलावलं, पण पाणी मारायला नव्हे. टँकर आला की आधी माझ्यापुढे थांबायचा. वरचा घोट नाही, तळचा. मी तोंडात धरायची, मान हलवायची, थुंकायची. मान आडवी हलली की टँकर परत. लोक म्हणायचे, मावशी थुंकली की गाडी रिव्हर्स. शेवाळ, डिझेल, गंज, मेलेलं काय काय, सगळं त्या दोन महिन्यांत माझ्या जिभेवरून गेलं. घरी येऊन मी तोंड धुवायची, लवंग चघळायची, तरी जेवताना तो वास यायचा. अजूनही कधी कधी चांगल्या आमटीचा पहिला घास घेताना माझी जीभ आधी थांबते.

भावाला मालकांनी घेतलं. वाटलं नव्हतं. म्हणे, भिंत चाटून बघणारा माणूस आत असलेला बरा. गेली काही वर्षं तो आठ तास त्या कमानीखाली असतो. वर डोंगर चढतो, उतरतो, परत चढतो. पावसात ओल आत झिरपते तेव्हा पांढरे ओघळ येतातच. कुठले चुन्याचे, कुठले कशाचे, त्याला आता स्वतःची खात्री वाटत नाही. तंबाखूने जीभ मेली म्हणतो.

मी हल्ली तुळिंजला लेकीकडे असते, तो कामावरून सुटला की रिक्षाने येतो. दारातच उभा राहतो, चपला न काढता, आणि उजव्या हाताचं एक बोट पुढे करतो. बाकीची चार मुठीत. कमानीवरून पुसून आणलेलं असतं. त्या बोटावर खडीची धूळ असते, पट्ट्याचं ग्रीस असतं, तंबाखूचा वास असतो, आणि रिक्षातून तसंच उघडं आलेलं असतं. लेक आतून ओरडते, "आई, शी, काय करतेस ते."

मलाही शीच वाटतं. मी पदराने बोटाच्या कडा पुसते, मधला पांढरा ठिपका ठेवते, आणि चाखते.

तो माझ्या तोंडाकडे बघत असतो.

"चुना," मी म्हणते.

"मग जेवायला वाढ," तो म्हणतो, आणि चपला काढतो.